दीड सूत

विनता वैरागडेला बसता येत नाही. हे मी नाही, तिची आई अनसूयाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. खुर्ची दिली तर पोरगी काठावर टेकेल, चहा दिला तर कप घेऊन अंगणात फेऱ्या मारेल, फोन आला तर बोलता बोलता गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येईल. "बापावर गेली," असं म्हणून अनसूयाबाई कपाळावर हात मारतात. आणि ज्या बापावर ती गेली ते श्रीरंगराव त्या वेळी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याउभ्याच पोळीभाजी खात असतात. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण घरातला सोफा त्यांना मानवला नाही. पाच मिनिटं टेकतात, उठतात, पंख्याचा वेग बघतात, दाराची कडी करकरते का बघतात आणि पुन्हा ओट्याशी येऊन उभे राहतात, उजव्या पायावर भार टाकून.

जबलपूरच्या अधारताल भागातल्या त्या गल्लीत विनता नेमकं काय करते, याबद्दल बरेच तर्क होते. समोरचा किराणावाला तिला 'कुर्सीवाली दीदी' म्हणे, कारण ती जुन्या खुर्च्या मागत फिरे. नव्या चांगल्या खुर्च्या तिला नकोत. ज्या खुर्चीचा फोम एका बाजूने बसलाय, जिचा हात कोपराने घासून गुळगुळीत झालाय, ती खुर्ची दिसली की बाईचे डोळे चमकत. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टचं स्टूल तिने चक्क नवी खुर्ची देऊन बदलून आणलं होतं. टायपिस्टने आपण फसवतोय या भीतीने तिला दोनदा विचारलं, "पक्का ना दीदी? बाद में वापस तो नहीं मांगोगी?"

तिचं काम कलेचं होतं. चित्र नव्हे, मूर्ती नव्हे. माणूस जिथे आठ तास काम करतो ती जागा उचलून आणायची आणि त्या जागेने माणसाच्या अंगावर काय केलं ते दाखवायचं. त्यासाठी वजनकाट्यात असतात तसले सेन्सर, दिवे, तारा, कॉम्प्युटर, सगळं ती स्वतः जोडायची. लोकांना समजावून सांगताना तिची चिडचिड व्हायची. एकदा मावशीने विचारलं, "म्हंजे फर्निचरचं काम का वं?" तेव्हापासून मावशीकडे जाणंच बंद झालं.

विनताचे आजोबा वर्ध्याकडून जबलपूरला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर तिकडे गेलं, आजोबा इकडे राहिले. त्यांच्यामागे श्रीरंगराव संरक्षण खात्याच्या कारखान्यात टर्नर म्हणून लागले. विनताचं बालपण कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा सकाळी सायकलवर जातात, भोंगा वाजतो, संध्याकाळी परत भोंगा वाजतो, बाबा येतात. मध्ये काय होतं ते कुणी विचारायचं नाही. शाळेत बाईंनी विचारलं, "तुम्हारे पिताजी क्या बनाते हैं?" तर विनताने उभं राहून सांगितलं, "बताना मना है." आणि ते खरंच होतं. बाबांनी आयुष्यभर लेथवर काय कातलं ते त्यांच्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. फाटकाच्या आतून एक खिळा बाहेर येत नसे, तर गोष्ट कुठून येणार?

आतली एकच गोष्ट घरात आली होती. खडू. कारखान्यात तपासनीस जॉब, म्हणजे कातून झालेला भाग, तपासायचा, आणि जिथे माप चुकलं असेल तिथे पिवळ्या खडूने गोल काढून आत आकडा लिहायचा. गोल म्हणजे एवढं काम बाकी आहे. फुली म्हणजे भंगार. आणि कधीमधी माप चुकलेला जॉबही चालून जाण्यासारखा असे, तेव्हा साहेबाची सही घेऊन तो तसाच पास करत. श्रीरंगरावांच्या खिशात हा खडू सदोदित असे. भिंतीला ओल दिसली, काढला गोल. सुताराने टेबलाचा पाय आखूड केला, काढला गोल, लिहिला आकडा. विनताच्या गणिताच्या वहीत, चित्रांच्या कागदावर, एकदा तर अनसूयाबाईंनी शिवलेल्या पडद्यावरसुद्धा गोल उमटला होता. त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं.

विनता कला शिकली, मग पोटासाठी बंगळूरूला एका कंपनीत डिझाइनचं काम धरलं. सात वर्षं पडद्यासमोर बसली. सातव्या वर्षी उजवं मनगट असं धरलं की डबा उघडेना. डॉक्टरांनी पट्टा दिला. ती पट्टा लावून कामावर गेली आणि आपल्या खुर्चीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. खुर्ची तिच्याच आकाराची झाली होती. तिने सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन त्या खळग्यात प्लास्टर ओतलं, साचा काढला, घरी नेऊन टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याभोवती फिरत राहिली. महिन्याभराने राजीनामा दिला.

जबलपूरला येताना तिने स्वतःला तीन वर्षं दिली होती. तीन वर्षांत तिचं काम तीनदा दिल्लीला गेलं आणि तीनदा परत आलं. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं की काम हुशारीचं आहे. हुशारीचं! हा शब्द तिला शिवीसारखा लागला. आता जुन्या कंपनीचा निरोप आला होता: परत ये, सोमवारपर्यंत कळव. आणि त्याच आठवड्यात, शनिवारी, दिल्लीच्या शैलजा माथुर जबलपूरला येणार होत्या. वर्षाअखेरच्या मोठ्या प्रदर्शनासाठी त्या गावोगाव फिरून कामं निवडत होत्या. शनिवारी त्यांना काम भिडलं तर ठीक, नाही तर सोमवारी विनता पुन्हा त्या खुर्चीत. सरळ हिशेब होता आणि त्या हिशेबाने तिची झोप उडाली होती.

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत तिने एक शेड भाड्याने घेतली होती. आधी तिथे प्लास्टिकच्या बादल्या बनत, त्यामुळे पत्र्याखाली अजूनही तो वास असे. प्रदर्शनाचं नाव होतं 'आठ तास'. टायपिस्टचं स्टूल होतं, बँकेतल्या रोखपालाची खुर्ची होती, विडी वळणाऱ्या बाईचा पाट आणि मांडीवरचं सूप होतं, भेडाघाटच्या मुरलीधरची गोणपाटाची गादी होती. मुरलीधर संगमरवर कोरायचा, आणि वीस वर्षं मांडी घालून बसल्याने गादीत त्याच्या दोन्ही मांड्या जशाच्या तशा उमटल्या होत्या. प्रत्येक वस्तूखाली सेन्सर. बघणाऱ्याने बसायचं, की समोरचे दोन दिवे लागत, एक डावा, एक उजवा. भार जिकडे जास्त तो दिवा प्रखर.

पण हे सगळं कडेला. मधोमध येणार होती फळी.

लेथपुढे पायाखाली साल वृक्षाच्या लाकडाची जाड फळी असते. लोखंडाच्या कचऱ्यापासून आणि थंड फरशीपासून पाय वाचतात. श्रीरंगराव एकाच फळीवर एकतीस वर्षं उभे होते. ते निवृत्त झाले त्याच वर्षी लेथही भंगारात निघाला, तेव्हा त्यांनी फळी मागितली. साहेब हसले, पण गेटपास दिला. त्यासाठी तीन आठवडे लागले. पासवर लिहिलं होतं, 'लकड़ी का पटिया, पुराना, एक नग'. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी ढोल वाजवत, हार घालून त्यांना घरी आणलं, आणि मागून एक जण स्कूटरला फळी बांधून आला. दोन वर्षं ती न्हाणीघरात पिंपाखाली पडून होती. विनताने पिंप हलवलं आणि वाकून पाहिलं. फळीवर दोन पाय कोरलेले होते. कुणी कोरले नव्हते, उभं राहून राहून झाले होते. टाचा, चवडे, अंगठ्याची जागासुद्धा. उजवा जास्त खोल.

त्या खळग्यांत पाणी भरायचं आणि वरून एकच दिवा सोडायचा, असं तिचं ठरलं. पायांच्या आकाराची दोन तळी. त्याहून जास्त काही सांगायची गरज नव्हती. बाबांना मात्र तिने यातलं काही सांगितलं नाही. एकदम दाखवायचं होतं. आयुष्यभर ज्यांचं काम कुणी पाहिलं नाही त्यांना सगळ्यांसमोर म्हणायचं होतं, बघा, मी पाहिलं.

बुधवारी सकाळी तिने अंगणात फळी मांडली. बाबांच्याच जुन्या व्हर्नियरने खळग्यांची खोली मोजली. उजवा नऊ मिलिमीटर, डावा चार. पाणी कुठवर भरायचं ते कळावं म्हणून ओट्यावरचा पिवळा खडू उचलला, दोन्ही खळग्यांभोवती गोल काढले, आत आकडे लिहिले. मग पाण्याचे थेंब टाकून पाहिले. तेवढ्यात शेडवरून फोन आला की वीज गेली. ती फळी तशीच टाकून रिछाईला पळाली आणि तारांमध्ये अडकून संध्याकाळपर्यंत तिकडेच राहिली.

गुरुवारी दुपारी श्रीरंगराव शेडच्या दारात स्कूटर लावून उभे. मागे जुन्या चादरीत गुंडाळलेली फळी. चेहऱ्यावर असं समाधान की विनताने ते निवृत्तीनंतर पाहिलंच नव्हतं.

"घे बेटा. मिलवून दिली, एकदम सपाट," ते म्हणाले आणि चादर सोडली.

फळी सपाट होती. गुळगुळीत. अळशीचं तेल पिऊन मधाच्या रंगाची झालेली. खळगे नव्हते.

श्रीरंगरावांनी खिशातून पोलादी पट्टी काढली, फळीवर उभी धरली आणि खालून कागद सारून दाखवला. "पाहा. कागद जात नाही. पहिले आरा मशीनवर नेली, त्यानं वरवर तासली, मग मी कालपासून रंदा मारून राहिलो. कोपऱ्यातसुद्धा फरक नाही."

"बाबा, ये क्या किया तुम्ही?"

"काहून? काय झालं?"

"एकतीस वर्षं होती ना त्याच्यावर! ती घासून टाकली तुम्ही! सगळी!" तिचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

श्रीरंगराव गोंधळले. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले, पुन्हा पहिल्यावर आले. मग हळू आवाजात म्हणाले, "तूच तर गोल करून ठेवला होता. नऊ लिहिलं होतं, चार लिहिलं होतं. मी म्हटलं पोरीला टाइम नाही, आपण करून देऊ."

तो खडू, तो गोल, तो आकडा, सगळं तिने आपल्या हाताने काढलेलं. लहानपणापासून त्या घरात गोलाचा एकच अर्थ होता. गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या बापाने तो गोल पाहून रंदा उचलला नसता, आणि दुसऱ्या कुठल्या मुलीने तो काढला नसता. तिला स्वतःचा इतका राग आला की बाबांवर ओरडून तिने तो संपवून टाकला. "जा तुम्ही, बाबा. प्लीज. घर जाओ."

ते गेले. चादर घडी घालून घेऊन गेले.

विनता शेडमध्ये फिरत राहिली. स्टुलापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून सुपापर्यंत, पुन्हा स्टुलापर्यंत. मोबाइलमध्ये खळग्यांचे फोटो होते. वहीत मापं होती. मग एक वाईट विचार आला आणि तो तिने हाकललाही नाही. पुन्हा कोरून घेतले तर? दिल्लीवाल्यांना काय कळणार? शुक्रवारी सकाळी फळी स्कूटरला बांधून ती भेडाघाटला मुरलीधरकडे गेली.

मुरलीधर धुळीने पांढरा झालेला, हातात ग्राइंडर. त्याने फोटो पाहिले, मापं पाहिली, फळी ठोकून पाहिली. "पत्थर में कर लेते हैं तो लकड़ी क्या चीज है," तो म्हणाला. "हो जाएगा. किसका पाँव है?"

"बाबा का."

"जिंदा हैं?"

"हैं."

"तो फोटो से काहे बनवा रही हो? ले आओ. खड़े कर दो, पेंसिल फेर लेंगे. दो मिनट का काम है."

इतकी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती, आणि सुचली नव्हती कारण तिला बाबांचं तोंड बघायचं नव्हतं. फळी पुन्हा स्कूटरला बांधली. वाटेत दोनदा थांबली, एकदा विनाकारण. मग शेडवर येऊन घरी फोन केला.

श्रीरंगराव अर्ध्या तासात हजर झाले. बरोबर अनसूयाबाई डबा घेऊन. त्यांना पोरीने दोन दिवस काही खाल्लं नाही याची काळजी, बाकी कलाबिला गेली उडत. श्रीरंगराव मात्र काल काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उभे होते. फक्त नजर फळीकडे जात होती आणि परत येत होती.

विनताने फळी मधोमध ठेवली होती, तिथे आधी चाचणीसाठी बसवलेल्या सेन्सरवर. काढायला वेळ नव्हता म्हणून दिवे तसेच जोडलेले.

"चपला काढून उभे राहा, बाबा. लेथवर राहत होते तसे. मी पेन्सिल फिरवते."

ते चढले. उजवा दिवा भगभगून उठला. डावा जेमतेम मिणमिणला.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं.

"भार आहे तुमचा. दोन्ही सारखे लागायला पाहिजे."

"मग तुहं मशीन बिघडलं. झीरो कर पहिले."

तिने झीरो केलं. स्वतः चढून पाहिलं. दोन्ही दिवे सारखे. अनसूयाबाईंना चढवलं, त्या "मले काहून" म्हणत चढल्या, दोन्ही दिवे सारखे. श्रीरंगराव पुन्हा चढले. उजवा भगभगला, डावा मिणमिणला.

आता त्यांच्यातला टर्नर जागा झाला. त्यांनी लेव्हल मागितली, फळीवर आडवी ठेवली, उभी ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध. असणारच, काम त्यांचंच होतं. ते पुन्हा चढले. छाती काढून, शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहायला लागले. दिवे थरथरले, क्षणभर जवळ आले आणि पुन्हा उजवा मोठा झाला. डावी टाच फळीला नीट टेकतच नव्हती, आणि हे त्यांना स्वतःलाही आत्ताच कळत होतं.

"फळीत फरक नाही," ते म्हणाले. कुणाशी बोलत होते ते कळलं नाही.

विनता पेन्सिल हातात धरून गुडघ्यावर बसली होती. टायपिस्टचा वाकलेला मणका तिला दिसला होता, मुरलीधरच्या मांड्या दिसल्या होत्या, स्वतःचं मनगट दिसलं होतं. आणि हा माणूस तिच्या लहानपणापासून तिच्यासमोर असा कलून उभा होता, ते तिने कधी पाहिलं नव्हतं. पाण्याची तळी दाखवून ती त्यांना 'मी पाहिलं' म्हणणार होती. तिला लाज वाटली.

श्रीरंगराव खाली उतरले. टेबलावर प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यातल्या पाच उचलल्या, डाव्या पायाच्या जागी ठेवल्या आणि चढले. दिवे थोडे जवळ आले. "अजून दे," ते म्हणाले. विनता एकेक पत्रिका देत गेली. ते पाय उचलत, सारत, टेकत. लेथवर जॉबखाली पॅकिंग देतात तसंच चाललं होतं. बारा. चौदा. सोळाव्या पत्रिकेला दोन्ही दिवे सारखे झाले.

ते तसेच उभे राहिले. मग वाकून व्हर्नियरने गठ्ठ्याची जाडी मोजली. "पाच मिलिमीटर." एक उसासा. "नवातून चार गेले. बरोबर आहे."

अनसूयाबाई डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाल्या, "म्हंजे दीड सूत. मले विचारलं असतं तर पहिलेच सांगितलं असतं. तीस वर्षं झाले, डावा पाय दीड सूत जास्त दुमडून राहिली मी पँटीचा. नाही तर जमिनीला घासून किनार फाटते ना."

श्रीरंगरावांनी बायकोकडे पाहिलं, मग स्वतःच्या पँटच्या किनारीकडे पाहिलं.

"बोलली नाही तू कधी," ते म्हणाले.

"काय बोलायचं? शिवून देत होती ना."

विनता उठून शेडच्या मागे गेली आणि मनसोक्त रडली. आत आली तेव्हा डोळे पुसलेले होते, पण आईच्या हातून घास घेताना पुन्हा भरले. तिने मुरलीधरला फोन करून सांगितलं की आता कोरायचं नाही. "क्यों, पिताजी नहीं माने?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "फळी सही है, भैया."

श्रीरंगराव निघताना पुन्हा फळीपाशी थांबले. खिशातून खडू काढला, पत्रिकांच्या गठ्ठ्याभोवती फळीवर गोल काढला आणि आत पाच लिहिला. सवयच ती. मग खडू विनताच्या हातात दिला.

"हे आता मिलवता येत नाही. असा जॉब साहेबाच्या सहीने पास होते. कर सही."

तिने आकड्याखाली सही केली.

शनिवारी शैलजा माथुर दुपारी साडेतीनला आल्या. गाडीतून उतरताच त्यांनी घड्याळ पाहिलं, त्यांना संध्याकाळची दिल्लीची रेल्वे पकडायची होती. स्टुलावर बसल्या, गादीवर बसल्या, मान हलवली, वहीत दोन ओळी लिहिल्या. ती मान विनताने ओळखली. हुशारीचं काम, असं म्हणणारी मान. मग त्या फळीपाशी आल्या. सपाट, तेल दिलेली फळी, डाव्या बाजूला पत्रिकांचा गठ्ठा, भोवती पिवळा गोल, आत आकडा आणि खाली सही. कडेला पाटी होती: 'लकड़ी का पटिया, पुराना, एक नग'.

त्या चप्पल काढून चढल्या. डावा दिवा भगभगला, उजवा विझल्यासारखा झाला. त्यांनी अंग सावरलं, पाय हलवला, पुन्हा सावरलं. "यह खराब है क्या?" त्यांनी विचारलं. "मैं सीधी खड़ी ही नहीं हो पा रही."

विनताने तीन रात्री जागून एक उत्तर घोकलं होतं, माणूस, यंत्र, शरीर वगैरे. ते तिने बाजूला ठेवलं. तिने मागे पाहिलं. श्रीरंगराव भिंतीशी उभे होते, नेहमीसारखे अस्वस्थ, या पायावरून त्या पायावर.

"मशीन ठीक है, मैडम," ते पुढे येत म्हणाले. "आप उतरिए जरा."

त्यांनी चपला काढून जोडीने बाजूला ठेवल्या आणि चढले. दोन्ही दिवे सारखे लागले. हात आपोआप पोटापुढे आले, एक वर, एक खाली, जिथे लेथची दोन चाकं असतात तिथे. खांदे सैल झाले. दोन वर्षांत सोफ्यावर, ओट्याशी, अंगणात कुठेही पाच मिनिटं न थांबलेला माणूस शांत उभा राहिला.

शैलजा माथुर काही लिहीत नव्हत्या. वही मिटून त्या त्यांच्याकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्या विनताच्या जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "यह मुझे दिल्ली में चाहिए. सिर्फ यही." मग जरा थांबून, "पर वहाँ इस पर सीधा कौन खड़ा होगा?"

"कोई नहीं," विनता म्हणाली.

त्यांनी मान हलवली. ही मान वेगळी होती. स्टेशनवर निघायची वेळ झाली तरी त्या जाईनात. विडीवाली बाई आली, टायपिस्ट आला, गल्लीतला किराणावाला आला. लोक यायचे, बघायचे, बाजूला सरायचे. अनसूयाबाई दोनदा येऊन नवऱ्याच्या कानाशी कुजबुजल्या, "उतरा आता, पाय दुखतील." श्रीरंगराव फक्त मान हलवत. विनताही एका जागी उभी होती. किती वेळ, ते तिच्या लक्षात आलं नाही.

पाचला दूर कारखान्याचा भोंगा वाजला. श्रीरंगराव फळीवरून उतरले, पत्रिकांचा गठ्ठा बोटाने सरळ केला, चपला घातल्या आणि म्हणाले, "चला. सुट्टी झाली."